उमा

पहिला प्रश्न मी पिशवीत घालून नेला होता:
'गोव्यातील खाजन शेतीचा इतिहास.'
अर्मिंदाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"हा प्रश्न नव्हे, ही मांडवी आहे.
तुम्ही कुठल्या धक्क्यावर उतरणार?"

मी दिवाडीची, बावन्न वर्षांची,
तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून
आता इतिहासाच्या वर्गात मागच्या बाकावर.
घरी येऊन प्रश्न साफ केला, बांगडा करतात तसा:
आधी शतकं काढली, मग तालुके,
मग 'परंपरा', 'योगदान', 'जनजीवन'
हे बोटांना चिकटणारे शब्द.
उरलं ते एवढंच: आमची एक मानस, एक रात्र,
भात पोटरीत असताना फुटलेला बांध
आणि शेतात शिरलेलं खारं पाणी.
कोणी फोडला?

पणजीच्या दफ्तरखान्यात सगुण गावकारीची वही आणतो
दोन्ही हातांवर, नुकतं न्हाऊ घातलेलं मूल आणावं तशी.
वाळवीनं पानांतून स्वतःच्या पायवाटा काढलेल्या.
पोर्तुगीज अक्षर तिरकं, घाईचं,
समासात कुणीतरी मोडीत बेरीज करून पाहिलेली,
चुकलेली.
दंड अकरा जणांना, दोन-दोन रुपये.
दहा नावं, बापाच्या नावासकट, वाड्यासकट.
अकराव्या ओळीच्या सुरुवातीला, मोठ्या वळणदार अक्षरात:
उमा.

मी भिंग खाली ठेवलं.
शंभर वर्षांपूर्वीची बाई, नावानिशी!
दोन दिवस मी उमाबरोबर राहिले.
फेरीबोटीत तिला शेजारी जागा दिली,
डोक्यावर चिखलाची पाटी दिली, रागीट नवरा दिला,
अडीच पानं लिहिली तिच्यावर.

अर्मिंदाबाईंनी फोटो पाहिला आणि आवाज हळू केला,
दुखवट्याला आल्यासारखा.
"पुढचा शब्द वाळवीनं अर्धा ठेवलाय. मुल्येर.
उमा मुल्येर. एक बाई.
उमा म्हणजे एक."

मानशीच्या इनासला विचारायला गेले.
त्यानं आधी पाव किलो सुंगटां घ्यायला लावली.
"कोणें फोडूंक ना, बाये. कुर्ल्यांनी बांद पोखरिल्लो.
ती बायल? ती रातभर चिखल घालताली."
मग जरा जवळ येऊन, "म्हज्या आजान सांगलां."
आजा मानशीचा राखणदार.
त्या रात्री त्याचा डोळा लागला असेल
तर तो कुर्ल्यांचंच नाव घेणार ना?

वही म्हणते फोडला, इनास म्हणतो पोखरला.
आणि जमाखर्चाची ती दुसरी वही,
नुसते आकडे म्हणून जी मी उघडलीच नव्हती,
तिच्यात त्या महिन्याचे मानशीच्या मासळीचे पैसे तिप्पट.
पावणी घेणारा आणि दंड लिहिणारा कारकून,
दोघांच्या बापाचं नाव एकच.
भाऊ असतील. पण त्या नावाचे त्या वाड्यावर तिघे होते,
म्हणून 'असतील' हा शब्द मी पुसत नाही.

प्रश्न पुन्हा कापला. 'कोणी फोडला' गेलं.
'दंडाच्या वहीत नाव कोणाला मिळतं, आणि लिहितो कोण?'
अर्मिंदाबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग 'आणि'खाली पेन्सिलीनं रेघ मारली.
"दोन झाले. एक ठेवा."

उमा मी खोडली, एकाच रेघेत,
खालचं वाचता येईल अशी.
साडेपाचला सगुण पंखा बंद करतो,
म्हणजे उठायचं.
वही मिटण्याआधी शेवटचा रकाना पाहिला, दंड भरल्याचा.
दहा ओळींत फुली आहे.
अकरावीत काही नाही.
दोन रुपये अजून येणे आहेत.